माउंट मार्सी : हिवाळी स्नोशू आरोहण

माउंट मार्सी (१,६२९ मी.) हे अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील सर्वोच्च शिखर ॲडिरॉन्डॅक पर्वतप्रदेशात आहे. त्यावरील पहिली नोंदलेली चढाई एबेनेझर एमन्स यांच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण पथकाने ५ ऑगस्ट १८३७ रोजी केली. हिवाळी आरोहक येथे बहुधा स्नोशू घालून जातात. मार्सी ज्यात येते त्या पूर्व हाय पीक्स विभागात २० सेंमी. (८ इंच) किंवा अधिक बर्फ असल्यास स्नोशू अथवा स्की जवळ बाळगणे आणि वापरणे नियमाने सक्तीचे आहे. स्वतःच्या जोखमीवर डोंगर चढणाऱ्यांवर अशी सक्ती कशासाठी, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर स्नोशू नेमके काय करतो यात सापडते.

स्नोशू माणसाचे वजन मोठ्या क्षेत्रावर पसरवतो. साध्या बुटाच्या तळापेक्षा त्याचे क्षेत्रफळ सुमारे चौपट असते, म्हणून बर्फावरचा दाब तितक्याच प्रमाणात घटतो. उत्तर अमेरिकेतील आदिवासींनी ॲश लाकडाची चौकट वाकवून तिच्यात कच्च्या चामड्याची जाळी विणली. आजच्या साधनात ॲल्युमिनियम किंवा प्लास्टिक, तळाशी धातूचे दात आणि चढावर टाचेला आधार देणारी तार असते. मात्र ताज्या भुसभुशीत बर्फात स्नोशूही काही प्रमाणात रुततोच. तिरक्या कडक उतारावर तो बाजूला घसरतो, आणि हिमस्खलनापासून तर मुळीच वाचवत नाही. हा धोका येथे काल्पनिक नाही : शेजारच्या राइट शिखरावर २००० साली हिमस्खलनात एक स्कीपटू दगावला. हार्ट लेकपासून मार्सीवर जाणारी नेहमीची वाट एका बाजूने सुमारे १२ किमी. लांब आहे आणि तिचा बहुतांश भाग स्प्रूस व फरच्या दाट जंगलातून जातो. स्नोशूची खरी गरज याच टप्प्यात लागते. वृक्षरेषेच्या वर वारा बर्फ उडवून नेतो, उरलेला गोठून टणक होतो. तेथे पुष्कळदा क्रॅम्पॉन (बुटाला बांधायचे टोकदार धातूचे दात) चढवावे लागतात. म्हणजे हे साधन मुख्यतः शिखरापर्यंतच्या वाटेसाठी आहे, आणि वाट सर्वांची असते.

बूट घालून जाणाऱ्याचा पाय मांडीपर्यंत रुतला की त्या जागी खड्डा राहतो. रात्री तो गोठतो. दुसऱ्या दिवशी येणाऱ्याचा घोटा त्यात मुरगळू शकतो, स्कीवरून उतरणारा त्यात अडकून पडू शकतो. अनेकांच्या स्नोशूंनी दाबून घट्ट केलेली मळलेली वाट एकाच्या हट्टाने मोडते. त्यामुळे ही जोखीम वैयक्तिक असल्याचा आक्षेप टिकत नाही. शिवाय वाटेबाहेर छोट्या झाडांच्या फांद्यांखाली बर्फाने झाकलेल्या पोकळ्या असतात. त्यांत कंबरेपर्यंत गेलेल्याला बाहेर काढायला इतरांनाच यावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : वाट आधीच घट्ट मळलेली असेल, तर बूट पुरेसे नाहीत का? सकाळच्या थंडीत पुष्कळदा पुरतात. पण मार्च-एप्रिलच्या उन्हात तीच वाट दुपारपर्यंत मऊ पडते आणि थकलेला माणूस नेमका तेव्हा उतरत असतो. बर्फ कुठल्या तासाला पायाखाली खचेल हे प्रत्येकाच्या अंदाजावर सोपवण्यापेक्षा खोलीचे साधे माप ठरवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. ते मोजता येते, त्यावर वाद होत नाही. सक्तीला मर्यादा हवी ती माथ्यावर. तेथील खडकांवर दुर्मीळ अल्पाइन वनस्पती तग धरून आहेत आणि बर्फ विरळ असताना धातूचे दात त्यांना खरवडतात. अशा जागी स्नोशू काढून पाठीला बांधावेत आणि उघड्या खडकावरूनच चालावे.