डार्विनने न लावलेली चिठ्ठी

डार्विन गालापागोस बेटांवर गेला, तेथील फिंच पक्ष्यांच्या चोची त्याने पाहिल्या आणि त्याला उत्क्रांतीचे कोडे उलगडले, अशी गोष्ट आपण वर्गात सांगतो. आम्हीही ती अशीच शिकलो. प्रत्यक्षात घडले ते वेगळेच.

या बेटांवर सर्रास दिसणारा पक्षी म्हणजे मध्यम भू-फिंच. पूर्ण वाढलेला नर काळा, मादी तपकिरी व रेघांची. किनाऱ्यालगतच्या कोरड्या, खुरट्या रानात तो बिया टिपत असतो. परंतु एवढ्या खुणांवर विसंबलो तर आपण फसतो. लहान भू-फिंचाचा नरही काळाच, मादी तशीच आणि रानही तेच. शिवाय तरुण नर पूर्ण काळा व्हायला काही वर्षे जातात. मग उरते ती चोच. तिची लांबी आणि जाडी मोजावी लागते.

सप्टेंबर-ऑक्टोबर १८३५ मधल्या पाच आठवड्यांच्या मुक्कामात डार्विनचाही गोंधळ उडाला. बारीक चोचीचा एक फिंच त्याला चक्क रेन पक्षी वाटला. प्रत्येक बेटावर निराळी जात असू शकेल हे ध्यानात न आल्याने बहुतेक फिंचांच्या चिठ्ठीवर त्याने बेटाचे नावच लिहिले नाही. जानेवारी १८३७ मध्ये लंडनला जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने नमुने तपासले आणि हे सारे एकाच गटातले फिंच असल्याचे सांगितले. मग डार्विनला कप्तान फिट्झरॉय व इतर सहप्रवाशांच्या नमुन्यांवरील नोंदींचा आधार घ्यावा लागला. त्याच्या मनात जातींच्या स्थिरतेविषयी शंका आली ती मुख्यतः मॉकिंगबर्डमुळे. त्यांची बेटे मात्र त्याने टिपून ठेवली होती!

फिंचांना खरे महत्त्व आले ते १९४७ साली डेव्हिड लॅक यांच्या पुस्तकाने. पुढे १९७३ पासून पीटर व रोझमेरी ग्रँट यांनी डॅफ्ने मेजर या लहानशा बेटावरील पक्ष्यांच्या पायांत कडी घातली आणि चोची मोजल्या. १९७७ च्या अवर्षणात लहान, मऊ बिया संपल्या. कठीण बी फोडू शकणारे जाड चोचीचे मध्यम भू-फिंच अधिक संख्येने तगले आणि त्यांच्या पिलांच्या चोचीही सरासरीने जाड निघाल्या. प्रत्येक पक्ष्याची नोंद होती म्हणूनच निसर्गनिवडीचे हे काम डोळ्यांना दिसले.

ही खरी गोष्ट सांगितल्याने डार्विन लहान होत नाही. आपली चूक कळताच तो इतरांच्या नोंदी धुंडाळायला लागला, हेही विद्यार्थ्यांना कळू द्यावे. आणि पुढच्या सहलीत त्यांनी एखादे पान किंवा पीस उचलले, तर ते कोठे व केव्हा मिळाले याची चिठ्ठी तेथेच लिहायला लावावी.