स्त्रिया चळवळीत का उतरतात? स्त्रीवादी विचार आणि सार्वजनिक कार्य

महिला मंडळ चालवणाऱ्या, पाण्यासाठी मोर्चा काढणाऱ्या किंवा निवडणूक लढवणाऱ्या अनेक स्त्रिया 'आम्ही काही स्त्रीवादी नाही' असे आवर्जून सांगतात. मग त्यांना घराबाहेर आणणारी प्रेरणा कोणती? स्त्रीचे दुय्यम स्थान निसर्गाने नव्हे, तर समाजाने ठरवले आहे आणि म्हणून ते बदलता येते, हा स्त्रीवादाचा गाभा. मराठी स्त्रियांच्या चळवळी पाहिल्या तर हा विचार कधी कार्याच्या आधी आलेला दिसतो, तर कधी कार्यातूनच घडलेला.

विचारातून कार्य

बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई (दुसऱ्या) यांनी १९११ मध्ये भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर सहलेखकासोबत इंग्रजीत पुस्तक लिहिले. १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या त्या अध्यक्ष होत्या. परिषद भरली ती स्त्रीशिक्षणासाठी. पण मुलीचे लग्न लहानपणीच होणार असेल, तर तिची शाळा पुरी कशी होणार? म्हणून १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यालाही, म्हणजे सारडा कायद्याला, परिषदेने पाठिंबा दिला.

जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांची परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे तिच्या अध्यक्ष होत्या. घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीत्वाला बंदी अशा मागण्या तिथे ठरावाने मांडल्या गेल्या. या स्त्रियांना एकत्र आणले ते आंबेडकरी चळवळीने. जातीपासून मुक्ती आणि स्त्रीचा हक्क या त्यांच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या.

कार्यातून विचार

१९७२ च्या दुष्काळात धान्य, तेल, साखर आणि रॉकेल महागले. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि इतर कार्यकर्त्यांनी पक्षभेद बाजूला ठेवून महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभारली. हजारो गृहिणी हातात लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. नेत्यांची घडण समाजवादी वा साम्यवादी होती. मोर्चातल्या बहुतेक बायका आल्या होत्या त्या चूल पेटेना म्हणून. चूल बाईनेच का सांभाळायची, हा प्रश्न त्या आंदोलनाने विचारला नाही. मृणालताई मात्र पुढे आमदार असताना गर्भलिंगनिदानाच्या प्रश्नापर्यंत पोहोचल्या. या निदानावर निर्बंध घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला.

याच काळात शहादा भागातल्या भिल्ल स्त्रिया श्रमिक संघटनेत आल्या, त्या जमीन आणि मजुरीच्या लढ्यासाठी. घोषणा देण्यात त्या पुढे असत. स्त्रियांच्या शिबिरांत बोलणे सुरू झाले तेव्हा नवऱ्याची दारू आणि मारहाण हे विषय निघाले. मग बायकांनी गावोगावी जाऊन दारूची मडकी फोडली. मारहाण ही घरातली खासगी बाब आहे, हे त्यांनी मानले नाही. 'स्त्रीवाद' हा शब्द न वापरताही त्यांनी त्या विचाराचा गाभा गाठला होता.

अभ्यासक काय सांगतात

निकाराग्वातील क्रांतीचा अभ्यास करताना मॅक्सिन मॉलिनू यांनी १९८५ मध्ये एक उपयुक्त भेद मांडला. पाणी, रेशन, दवाखाना या स्त्रियांच्या व्यावहारिक गरजा. मालमत्तेचा हक्क, हिंसेपासून मुक्ती आणि घरकामाची समान वाटणी ही त्यांची दूरगामी हिते. पहिल्यांसाठी लढणारी स्त्री दुसऱ्यांसाठी लढेलच असे नाही. रेशन मिळाले की मोर्चा विरतो, बायका घरी परततात आणि घरातली वाटणी तशीच राहते.

निष्कर्ष

चळवळीत उतरण्यासाठी स्त्रीवादी श्रद्धा असावीच लागते असे नाही. महागाई, दुष्काळ, जात आणि देशप्रेम यांनीही स्त्रियांना बाहेर आणले आहे. पण बाहेर आलेली स्त्री स्वतःच्या प्रश्नापर्यंत पोहोचते की नाही, हे ठरवण्यात या विचाराचा मोठा वाटा असतो. तो रुजण्यासाठी बायकांना आपसात मोकळेपणी बोलण्याची जागा लागते. शहाद्यात ती शिबिरांनी दिली.

आपल्या गावोगावच्या महिला मंडळांकडेही याच दृष्टीने पाहता येईल. हळदीकुंकू, भिशी किंवा पाककृती स्पर्धेसाठी जमलेल्या बायकांमध्ये पुढे कोणते विषय निघाले आणि त्यांतून कोणती कामे उभी राहिली, हे जुन्या इतिवृत्तांतून आणि ज्येष्ठ सभासद भगिनींच्या आठवणींतून नोंदवून ठेवण्यासारखे आहे.