मृत्युपत्र आणि वकिलाची निवड

उतारवयांत गृहस्थाला दोन चिंता असतात: आपलें पुढें कसें होईल ही एक, आणि आपल्या मागें घराचें कसें होईल ही दुसरी. दुसऱ्या चिंतेवर मृत्युपत्र हा उपाय खरा. पण तें कोणाच्या सल्ल्यानें करावें, याचा विचार बहुधा शेवटीं होतो. त्या विचाराचें महत्त्व कलकत्त्याच्या टागोर खटल्यानें दाखविलें.

प्रसन्नकुमार टागोर हे सदर दिवाणी अदालतींतील नामांकित वकील व मोठे जमीनदार. त्यांचे एकुलते एक चिरंजीव ज्ञानेंद्रमोहन यांनीं १८५१ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. महाराष्ट्रांत चालणाऱ्या मिताक्षरेप्रमाणें वडिलार्जित मिळकतींत मुलाला जन्मतःच हक्क मिळे. बंगालच्या दायभागांत तसें नव्हतें. तेव्हां पित्यानें मुलास वगळलें. पुतणे यतींद्रमोहन यांस हयातीपुरता हक्क, पुढें त्यांच्या होणाऱ्या पुत्रांस, आणि मग पुरुषवंशांतच मिळकत जावी, अशी इंग्रजी धर्तीची सांखळी त्यांनीं मृत्युपत्रांत घातली. १८६८ सालीं ते वारले.

ज्ञानेंद्रमोहन इंग्लंडांत बॅरिस्टर झालेले पहिले हिंदी गृहस्थ. त्यांनीं दाद मागितली. १८७२ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें निकाल दिला: पुतण्याचा हयातीचा हक्क कायम, परंतु मृत्युपत्र करणाराच्या मरणसमयीं जो जन्मलाच नाहीं, त्यास हिंदु धर्मशास्त्राप्रमाणें दान होऊं शकत नाहीं, आणि वारसाचा नवा क्रमही कोणाला निर्माण करतां येत नाहीं. पुत्रास नुसतें वगळून भागत नाहीं. मिळकत दुसऱ्यास कायदेशीरपणें पोंचली पाहिजे. ती न पोंचल्यानें पुतण्याच्या मागें ती वगळलेल्या पुत्राकडेच वळली!

पुढें १९१६ च्या कायद्यानें न जन्मलेल्यांस देण्याची मर्यादित मोकळीक मिळाली. आणि १९२७ पासून हिंदूंचें मृत्युपत्र सर्वत्र लेखी व दोन साक्षीदारांसमक्ष असावें असें ठरलें. पण खटल्याचा बोध जुना झालेला नाहीं. ज्याच्या स्वतःच्या घरीं कायदा नांदत होता, त्याचीही इच्छा परक्या सांच्यांत ओतल्यामुळें निष्फळ झाली. म्हणून वकील निवडतांना केवळ नांवलौकिक पाहूं नये. वारसा व मृत्युपत्रें हेंच त्याचें नेहमींचें काम आहे काय, घराला कोणता कायदा लागू आहे हें तो आधीं विचारतो काय, आणि योजलेली व्यवस्था फसली तर मिळकत कोणाकडे जाईल हें तो स्पष्ट सांगतो काय, हें पाहावें. शेवटचा प्रश्न टागोरांच्या घरीं वेळेवर निघाला असता, तर लंडनपर्यंत पोंचलेला तो तंटा कदाचित् टळला असता.