तांब्याचा टंका आणि बिटकॉइन

नाण्याला मोल कशाने येते, हा प्रश्न बिटकॉइनमुळे पुन्हा विचारला जाऊ लागला आहे. ज्या चलनामागे ना राजा, ना बँक, ना सोने, त्याला लोक किंमत का देतात? आणि दिली तरी ती टिकणार कशाच्या बळावर? प्रश्न वाटतो तितका नवा नाही. त्याचे निम्मे उत्तर मध्ययुगीन इतिहासात, अगदी आपल्या दौलताबादच्या टांकसाळीतही सापडते.

आधी तब्रीझचे उदाहरण घेऊ. इराणवर राज्य करणाऱ्या मंगोल घराण्यातील गैखातू याचा खजिना १२९४ साली रिता झाला होता. चीनच्या मंगोल दरबाराचे पाहून त्याने ‘चाव’ नावाचे कागदी चलन काढले. त्यावर कलमा छापला आणि ते नाकारणाऱ्याला मृत्युदंड जाहीर केला. तरीही दुकाने बंद झाली, बाजार ओस पडला आणि साधारण दोन महिन्यांत चलन मागे घ्यावे लागले. लोकांच्या मनात कलम्याविषयी अनादर होता असे नाही. कागदामागे काहीच नाही, हे ते ओळखून होते.

यानंतर पस्तीसेक वर्षांनी मुहम्मद बिन तुघलकाने तोच प्रयोग वेगळ्या रीतीने केला. १३२७ च्या सुमारास त्याने देवगिरीला दौलताबाद करून राजधानीचा दर्जा दिला होता. १३२९-३० मध्ये त्याने तांब्या-पितळेची नाणी पाडून ती चांदीच्या टंक्याच्या मोलाने चालवावीत, असे फर्मान काढले. दिल्लीबरोबर दौलताबादच्या टांकसाळीतूनही ही नाणी बाहेर पडली. सुलतानाची आज्ञा पाळणे म्हणजे रहमानचीच आज्ञा पाळणे, अशा अर्थाचा मजकूर त्यांवर कोरलेला होता.

तब्रीझमध्ये लोकांनी चलन नाकारले. इथे मात्र ते स्वीकारले आणि घरीही पाडू लागले! तांबे स्वस्त, घडण सोपी आणि खरे-खोटे ओळखण्याची सोय नाही. इतिहासकार बरनी याचा सगळा ठपका हिंदूंच्या घरांवर ठेवतो. पण सोप्या नफ्याला जातधर्म नसतो. लोकांनी सारा खोट्या तांब्यात भरला आणि खरी चांदी घरात दडवली. १३३२ च्या सुमारास सुलतानाने हे चलन रद्द केले आणि तांब्याच्या बदल्यात खजिन्यातून चांदी-सोने दिले. परत आलेल्या तांब्याचे तुघलकाबादेत ढीग पडले होते, असे बरनीने नोंदवले आहे. सुलतान शब्दाला जागला, पण त्यापायी खजिना खचला.

या दोन प्रसंगांतून दोन गोष्टी दिसतात. स्वीकृती हुकमाने मिळत नाही. आणि मिळाली तरी एकूण नाणी किती आहेत व कोणते खरे आहे, हे कोणालाही तपासता आले नाही तर ती टिकत नाही.

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या आराखड्याचा रोख नेमका या दुसऱ्या दुखण्यावर होता. ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइन सुरू झाले. एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या वर जाणार नाहीत, हा त्याचा नियम. नव्या नाण्यांचा ओघ साधारण दर चार वर्षांनी निम्मा होतो. सर्व व्यवहारांची वही जगभरच्या हजारो संगणकांवर ठेवलेली असते आणि प्रत्येक संगणक प्रत्येक नाणे स्वतः तपासतो. टांकसाळ एकाच्या हाती नाही आणि पारखी असंख्य.

१५ ऑगस्ट २०१० रोजी याची कसोटी लागली. आज्ञावलीतील एका चुकीचा फायदा घेऊन कोणीतरी १८ हजार ४०० कोटींहून अधिक बिटकॉइन निर्माण केले. काही तासांत सातोशीने दुरुस्ती दिली. वही सांभाळणाऱ्यांनी ती स्वीकारून खोटी नोंद टाकून दिली. तुघलकाला जे खोटे नाणे चांदी देऊन परत घ्यावे लागले, ते इथे मुळी नाणेच ठरले नाही.

दुसरी कसोटी २०१७ सालची. तोवर सातोशी दृष्टिआड होऊन बरीच वर्षे झाली होती. व्यवहारांना जागा वाढवून हवी म्हणून पन्नासहून अधिक कंपन्या आणि संगणकशक्तीचा मोठा वाटा हाती असलेल्यांनी मे महिन्यात नियम बदलण्याचा करार केला. सामान्य वापरकर्त्यांपैकी अनेकांनी तो मानला नाही आणि नोव्हेंबरमध्ये बेत सोडून द्यावा लागला. याच वादातून १ ऑगस्टला ‘बिटकॉइन कॅश’ वेगळे निघाले. जुनी वही तीच, कमाल संख्याही तीच. तरी त्याची किंमत मूळ नाण्याच्या अगदी लहान अंशावर राहिली. म्हणजे मर्यादित संख्या पुरेशी नाही, तिची नक्कल कोणीही करील. बलवानांनी जोर लावला तरी नियम बदलत नाही, हा अनुभव मात्र नकलता येत नाही. टिकाऊ मोल या अनुभवाचे आहे.

मोल आणि भाव मात्र एक नव्हेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९ हजार डॉलरच्या आसपास गेलेले बिटकॉइन वर्षभरात १६ हजारांच्या खाली उतरले होते. त्यात सट्टा किती, यावर उलेमांतही एकमत नाही. नियम अढळ असला म्हणून भाव अढळ राहत नाही.

आपल्याकडे घात झाला तो आणखी वेगळ्या वाटेने. ‘गेनबिटकॉइन’ योजनेत दरमहा १० टक्के परताव्याचे आमिष दाखवून हजारो लोकांना फसवल्याच्या आरोपावरून २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी तिच्या प्रवर्तकाला अटक केली. त्या लोकांनी विश्वास ठेवला तो वहीवर नव्हे, एका माणसाच्या शब्दावर. ज्या चलनाचा जन्मच कोणा एकावर विसंबावे लागू नये म्हणून झाला, त्याच्या नावाने लोक पुन्हा एकावरच विसंबले. तब्रीझच्या दुकानदारांनी तलवारीच्या धाकातही जो प्रश्न सोडला नाही, तो आपण प्रत्येक नव्या नाण्याला विचारला पाहिजे: यामागे काय आहे, आणि ते मला स्वतःला तपासता येते का?