जासूस तोच, मालक नवा

२०२५च्या फेब्रुवारी महिन्यात नववीच्या वर्गात एका मुलाने विचारलं, "सर, ॲमेझॉनने जेम्स बाँड घेतला म्हणे. गोष्टीतला माणूस विकत कसा घेतात?" वर्ग हसला, मीही हसलो आणि "उद्या सांगतो" म्हणून पुढच्या धड्याकडे वळलो. प्रश्न मात्र घरापर्यंत सोबत आला. आमच्या पिढीने बाँड थिएटरात कमी आणि मोहल्ल्यातल्या केबलवर जास्त पाहिला, तोही हिंदी बोलणारा. त्या वयात तो ब्रिटनच्या राणीचा नोकर एवढंच ठाऊक होतं. त्याचे खरे मालक कोण, हे फार उशिरा कळलं.

इयान फ्लेमिंग यांची पहिली बाँड कादंबरी १९५३ साली आली. तिच्यामागून आलेल्या पुस्तकांवरून सिनेमे काढण्यासाठी अल्बर्ट ब्रॉकली आणि हॅरी सॉल्ट्झमन हे दोन निर्माते एकत्र आले. चित्रपट बनवायला त्यांनी इऑन ही कंपनी काढली आणि हक्क सांभाळायला डॅनजॅक नावाची दुसरी. ब्रॉकलींच्या पत्नी डाना, सॉल्ट्झमन यांच्या पत्नी जॅकलिन. दोघींच्या नावांची आद्याक्षरं जोडून 'डॅनजॅक' तयार झालं. पैसा युनायटेड आर्टिस्ट्स या अमेरिकन स्टुडिओचा. ५ ऑक्टोबर १९६२ रोजी लंडनमध्ये 'डॉ. नो'चा पहिला खेळ झाला आणि गाडी सुरू झाली.

१९७५ साली सॉल्ट्झमन कर्जात बुडाले. त्यांनी आपला हिस्सा युनायटेड आर्टिस्ट्सला विकला. म्हणजे बाँडच्या सातबाऱ्यावर आता दोन नावं आली, एक ब्रॉकली कुटुंबाचं आणि दुसरं स्टुडिओचं. पण वहिवाट कुटुंबाचीच राहिली. नट कोण, कथा कोणती, चित्रीकरण कधी, हे ब्रॉकलीच ठरवत. पुढच्या पन्नास वर्षांचा सगळा इतिहास या एका वाटणीत दडलेला आहे.

कारण दुसऱ्या नावामागचा मालक सारखा बदलत गेला. युनायटेड आर्टिस्ट्सचा 'हेवन्स गेट' हा महागडा चित्रपट १९८० साली सपाटून पडला, आणि त्याच्या मूळ कंपनीने १९८१मध्ये स्टुडिओच एमजीएमला विकून टाकला. १९८६ साली टेड टर्नर आले, जुन्या चित्रपटांचा खजिना घेऊन गेले. १९९० साली जियानकार्लो पारेत्ती नावाच्या इटालियन उद्योजकाने एमजीएम ताब्यात घेतली. खरेदीसाठी पैसा उभा करायचा म्हणून बाँडपटांचे टीव्हीवरचे हक्क स्वस्तात विकले जाताहेत, असं डॅनजॅकचं म्हणणं पडलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. पुढे कर्ज देणाऱ्या क्रेदी लिओने या फ्रेंच बँकेनेच स्टुडिओ ताब्यात घेतला. या भांडणात १९८९च्या 'लायसन्स टू किल'नंतर थेट १९९५च्या 'गोल्डनआय'पर्यंत एकही बाँडपट आला नाही. मधल्या काळात सोव्हिएत संघ संपला आणि टिमथी डाल्टन यांनी भूमिका सोडली. शत्रूही गेला आणि नायकही.

हेच पुन्हा २०१० साली घडलं. एमजीएमवर कर्जाचा डोंगर होता. एप्रिलमध्ये ब्रॉकलींची मुलगी बार्बरा आणि सावत्र मुलगा मायकेल विल्सन यांनी पुढच्या बाँडपटाचं काम थांबवल्याचं जाहीर केलं. नोव्हेंबरमध्ये एमजीएमने दिवाळखोरीचा अर्ज केला. स्टुडिओ सावरला तेव्हा २०१२ साली 'स्कायफॉल' आला आणि त्याने जगभरात १०० कोटी डॉलरहून अधिक कमाई केली.

इतक्या खरेदी-विक्रीतून एक गोष्ट लक्षात येते. मालक बदलला की बाँड रखडायचा, पण वेगळा व्हायचा नाही. नवा मालक पैसे अडवू शकत होता. गोष्टीत हात घालायची मुभा त्याला नव्हती.

मार्च २०२२मध्ये ॲमेझॉनने ८४५ कोटी डॉलरला एमजीएमची खरेदी पूर्ण केली, तेव्हाही वाटणी तीच होती. ॲमेझॉनला सातबारा मिळाला, वहिवाट नाही. पुढची जवळजवळ तीन वर्षं बाँडच्या नावावर नवा चित्रपट आला नाही. आला तो प्राइम व्हिडिओवर बक्षिसांच्या शर्यतीचा एक कार्यक्रम. शेवटी २० फेब्रुवारी २०२५ रोजी जाहीर झालं की हक्कांची मालकी तिघांची संयुक्त राहील, पण सर्जनशील निर्णय ॲमेझॉन एमजीएम घेईल. माझ्या विद्यार्थ्याने वाचलेली बातमी ती हीच. त्यानंतर जेफ बेझोस यांनी पुढचा बाँड कोण हवा, असं लोकांनाच विचारलं. एमी पास्कल आणि डेव्हिड हेमन निर्माते झाले, दिग्दर्शनासाठी डेनी विलनव्ह यांचं नाव आलं. माणसं गुणी आहेत, यात वाद नाही. पण १९६२नंतर पहिल्यांदाच शेवटचा शब्द त्या घराबाहेर गेला.

यात आपल्याला काय, असं कुणी विचारेल. माझ्या मते या गोष्टीत आपल्याशी संबंध नायकाचा कमी आणि खलनायकाचा जास्त आहे.

फ्लेमिंग यांच्या कादंबरीतला डॉ. नो रशियनांसाठी काम करतो. सिनेमात निर्मात्यांनी त्याला 'स्पेक्टर' नावाच्या काल्पनिक टोळीचा माणूस केला, कारण शीतयुद्धात थेट बाजू घेऊन चित्रपट जुना व्हावा असं त्यांना नको होतं. या टोळीवरूनही पुढे कज्जा झाला. केव्हिन मॅक्लोरी यांनी तिच्यावर दावा सांगितला, आणि २०१३ साली त्यांच्या वारसांकडून हक्क विकत घेतल्यानंतरच २०१५चा 'स्पेक्टर' निघाला. म्हणजे शत्रू हीसुद्धा मिळकतच.

१९८७चा 'द लिव्हिंग डेलाइट्स' आठवतो का? त्यात सोव्हिएत फौजेशी लढणारे अफगाण मुजाहिदीन बाँडचे दोस्त आहेत. त्यांचा सरदार कामरान शाह ऑक्सफर्डला शिकलेला, हजरजबाबी. शेवटी तो आपल्या साथीदारांसह व्हिएन्नात संगीताच्या मैफलीला येतो, आणि प्रेक्षक खुशीने हसतात. ही भूमिका केली होती बहावलपूरमध्ये जन्मलेल्या आर्ट मलिक यांनी. सातच वर्षांनी, १९९४ साली, हॉलिवूडच्या 'ट्रू लाइज'मध्ये तेच आर्ट मलिक अणुबाँबची धमकी देणारे अतिरेकी झाले. तो बाँडपट नव्हे, पण नट तोच. बदललं होतं ते जगाचं राजकारण.

त्या मानाने ब्रॉकली कुटुंबाने २००१नंतर सोपी वाट धरली नाही, हे मान्य करायला हवं. मुख्य खलनायक कधी अतिरेक्यांचा पैसा सांभाळणारा सावकार, कधी पर्यावरणाचा बुरखा घेतलेला धंदेवाला, कधी बिथरलेला जुना गुप्तहेर. २०२१च्या 'नो टाइम टू डाय'चे खलनायक रामी मालेक यांचं कुटुंब मूळचं इजिप्तचं. या पात्राचं वेड कोणत्याही धर्माशी किंवा विचारसरणीशी जोडायचं असेल तर मला घेऊ नका, असं आपण दिग्दर्शकाला सांगितल्याचं त्यांनी सांगितलं होतं. दिग्दर्शकाच्या मनातही तसं नव्हतं. माणसा-माणसांत असं बोलणं होऊ शकतं.

कंपनीत हेच बोलणं बाजार करतो. याचं उदाहरण एमजीएमच्याच घरात आहे. 'रेड डॉन' या चित्रपटात अमेरिकेवर चढाई करणारं सैन्य चिनी होतं. चित्रीकरण २००९ साली झालं. मग चीनची बाजारपेठ दिसू लागली आणि तयार चित्रपटात संगणकाने झेंडे, चिन्हं बदलून तेच सैन्य उत्तर कोरियाचं करण्यात आलं. उत्तर कोरियात तिकिटं विकायची नव्हती. ज्याच्या हाती बाजार नाही, त्याच्या गळ्यात खलनायकी पडते.

ॲमेझॉनची सेवा २००हून अधिक देश-प्रदेशांत चालते. त्यात आखाती देश आहेत, इंडोनेशिया आहे, आपण आहोत. त्यामुळे उद्याचा बाँड आपल्याला न दुखावण्याची काळजी घेईलही. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये प्राइम व्हिडिओवरच्या जुन्या बाँडपटांच्या चित्रांतून पिस्तुलंच गायब झाली होती. लोकांनी ओरडा केला तेव्हा ती चित्रं बदलली. पण अशी काळजी हा आदर नव्हे. बाजाराच्या भीतीने पुसलेला डाग बाजाराच्या लोभाने परतही येतो, आणि तेव्हा दाद कुणाकडे मागायची? कुटुंबाला निदान चेहरा होता.

उर्दू शिकवणाऱ्याला इथे इब्ने सफी आठवणारच. 'जासूसी दुनिया' आणि इम्रानच्या कादंबऱ्या लिहिणारे इब्ने सफी १९६० ते १९६३ आजारी होते. त्या काळात मिळत्याजुळत्या नावांच्या नकलांचा बाजारात पूर आला. वाचकांनी त्या घेतल्याही. पण खरे सफी परतले तेव्हा त्यांची वाट पाहणारे वाचक जागेवरच होते. पात्राचं नाव उचलता येतं, हात उचलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी एवढंच सांगितलं: "गोष्टीतला माणूस विकत घेता येतो. त्याचा शत्रू कोण, हे ठरवायचा हक्कही त्याच्यासोबत मिळतो. म्हणून सिनेमा पाहताना नायकासोबत खलनायकाकडेही नीट बघा. तो कोणत्या देशाचा, कोणत्या नावाचा, आणि त्याला तसा कुणी केला." मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हे परीक्षेत येणार का?"

मी नाही म्हणालो. यायला हवं होतं.