चौलचा मोरो

रेवदंड्याच्या तटावर उभे राहून दक्षिणेकडे पाहिले म्हणजे कुंडलिकेच्या खाडीपलीकडे एक लांबट डोंगर समुद्रात शिरलेला दिसतो. पायथ्याशी एक लहानसे गाव आणि माथ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत तटबंदी. हा कोर्लईचा किल्ला. त्याला गिरिदुर्ग म्हणावे तर पाय समुद्रात आणि जलदुर्ग म्हणावे तर माथा डोंगराचा. पोर्तुगीज त्याला ‘चौलचा मोरो’ म्हणत. समुद्रात घुसलेल्या टेकडीला स्पॅनिश भाषेतही हाच शब्द आहे. क्यूबातील हवाना आणि पोर्तोरिकोतील सान हुआन येथील स्पेनचे सागरी दुर्ग याच नावाने ओळखले जातात. दोन्ही भाषा सख्ख्या बहिणी, तेव्हा शब्द एक असण्यात नवल नाही. परंतु कोर्लईचा स्पेनशी संबंध याहून जवळचा आहे. हा किल्ला पोर्तुगिजांनी जिंकला तेव्हा लिस्बनच्या गादीवर स्पेनचाच राजा होता.

डोंगर आणि समुद्र यांचा मेळ घालून दुर्ग उभारण्याची विद्या स्पेनमध्ये जुनी. अरब राजवटी आणि ख्रिस्ती राज्ये यांचा झगडा तेथे शतकानुशतके चालला, आणि त्यात तो देश किल्ल्यांनी भरून गेला. तटबंदीच्या ठाण्याला स्पॅनिश भाषेत ‘अल्काझाबा’ म्हणतात. मूळ अरबी शब्द तोच, जो फिरत फिरत मराठीत ‘कसबा’ होऊन बसला! मालागा बंदराच्या डोक्यावरचा हिब्राल्फारो हा चौदाव्या शतकातील मुसलमानी किल्ला. त्याच्या नावाचा अर्थच मुळी ‘दीपस्तंभाचा डोंगर’. १४८७ मध्ये फर्डिनांड आणि इसाबेला यांनी मालागाला वेढा घातला. अखेर शहर शरण आले ते मुख्यतः उपासमारीने.

पुढे तोफा सुधारल्या आणि उंच, सरळ भिंती निरुपयोगी ठरल्या. इटालियन स्थापत्यविशारदांनी ठेंगणे, रुंद, उतरते तट आणि बाणाच्या टोकासारखे कोनदार बुरूज यांची नवी पद्धत काढली. एका बुरुजाच्या पायथ्याशी आलेला शत्रू शेजारच्या बुरुजावरील तोफेच्या माऱ्यात सापडावा, हे त्यातले मर्म. दुसऱ्या फिलिपने ही माणसे आपल्या पदरी ठेवली. १५८० मध्ये पोर्तुगालचा मुकुटही त्याच्याकडे आला. बातिस्ता आंतोनेल्ली याला त्याने अमेरिकेकडे धाडले. हवानाच्या मोरोचे काम १५८९ मध्ये सुरू झाले. हिंदुस्थानाकडे मिलानचा जोवान्नी बातिस्ता कैराती आला. वसई व दमण येथील कामांना त्याचा हात लागला, मोंबासाच्या जीझस किल्ल्याचा आराखडा त्याचाच, आणि १५९६ मध्ये तो गोव्यात वारला. वसईचे कोनदार बुरूज पाहताना हा मिलानी गृहस्थ आठवावा.

कोर्लईची कथा मात्र निजामशाहीपासून सुरू होते. खाडीच्या उत्तरेस चौल-रेवदंड्याला पोर्तुगीज १५२१ पासून ठाण मांडून होते. १५७०-७१ चा मोठा वेढाही त्यांनी परतवला होता. तेव्हा दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने सरळ हल्ला करण्याऐवजी समोरचा डोंगरच तटबंद केला. युक्ती अचूक होती. या माथ्यावर तोफा चढल्या म्हणजे खाडीत गलबत येणे आणि रेवदंड्यात राहणे, दोन्ही कठीण. पोर्तुगिजांनाही ते उमगले. १५९४ च्या सप्टेंबरात त्यांनी किल्ला हल्ला करून घेतला. सरदार फरहादखान कैद झाला.

मराठी बखरकारांना फिलिप ठाऊक नव्हता, आणि ते स्वाभाविकच होते. पोर्तुगालचा कारभार पोर्तुगिजांच्याच हाती राहील असे वचन त्याने १५८१ मध्ये दिले होते, त्यामुळे कोकणात स्पॅनिश अंमलदार दिसलेच नाहीत. दिसले ते स्पेनचे शत्रू. डच आणि इंग्रज यांचे स्पेनशी असलेले वैर आता पोर्तुगिजांच्याही माथी आले आणि त्यांच्या आशियातील व्यापाराला उतरती कळा लागली. १६४० मध्ये पोर्तुगालने हे जू झुगारले, पण गेलेले समुद्री वर्चस्व परत आले नाही.

कोर्लईचा माथा आडव्या भिंतींनी तोडून त्याचे अनेक भाग केलेले आहेत. एक भाग पडला तरी पुढच्या भागातून लढता यावे, हा हेतू. संभाजी महाराजांनी १६८३ मध्ये चौलला वेढा घातला, तेव्हाही ही जागा हाती लागली नाही. परंतु एकेकट्या दुर्गाचे बळ त्याच्या पाठीशी असलेल्या मुलखाइतकेच. चिमाजीअप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात सुरुंगांनी बुरूज उडवून वसई घेतली आणि उत्तरेचा आधार गेला. १७४० च्या तहाने चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आली.

शिबंदी गेली, पायथ्याची ख्रिस्ती वस्ती राहिली. गोऱ्या शिपायांचा संबंध तुटला, तरी त्यांच्या बोलीपासून घडलेली एक भाषा या गावात आजही घरोघर चालते. बोलणारे तिला ‘नॉ लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. शब्द बहुतेक पोर्तुगीज. वाक्यात क्रियापद मात्र मराठीप्रमाणे शेवटी येते.