गाडीवरचा बाण

परवा पुण्यात कॅम्पातून येताना पुढे एक मिलिटरीचा ट्रक होता. भाच्याने विचारलं, "मावशी, त्याच्या नंबरात तो वर तोंड केलेला बाण कशाला गं?" मी ठोकून दिलं, "गाडी उलटली तर नंबर कुठून वाचायचा ते कळावं म्हणून." मला लहानपणी हेच सांगितलं होतं! घरी येऊन शोधलं तर सगळंच निराळं निघालं.

हा इंग्रजांचा 'ब्रॉड ॲरो', म्हणजे सरकारी मालाची खूण. १६९३ ते १७०२ तोफखात्याचे प्रमुख असलेले हेन्री सिडनी यांच्या कुलचिन्हात बाणाचं टोक होतं, तेच त्यांनी मालावर उठवलं अशी एक गोष्ट सांगतात. छान आहे, पण खरी नाही. कारण १३८३ सालीच राजासाठी निवडलेल्या दारूच्या पिंपावर बाणाचं टोक काढल्याची नोंद आहे. पुढे १६९८ च्या कायद्याने अशी खूण असलेला माल परवानगीशिवाय जवळ बाळगणं हाच गुन्हा ठरला. सरकारने माल विकला, की दुसरा बाण काढून दोघांची टोकं एकमेकांना भिडवायची.

अमेरिकेतल्या वसाहतींत तर जिवंत झाडांवर कुऱ्हाडीने तीन घाव घालून हा बाण काढत. १६९१ च्या मॅसॅच्युसेट्सच्या सनदेनुसार बुंध्याशी २४ इंच किंवा त्याहून जाड झाडं राजाच्या आरमाराची, डोलकाठ्यांसाठी. आपल्याच रानातलं झाड तोडलं तरी १०० पौंड दंड! १७७२ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या वेअर गावात लोकांनी दंडवसुलीला आलेल्या शेरीफला झोडपून काढलं.

मला खटकलं ते पुढचं. हाच बाण कैद्यांच्या कपड्यांवर आला. पिंपासारखाच माणूसही सरकारी माल. इंग्लंडमध्ये हे १९२२ पर्यंत चाललं. मताचा हक्क मागणाऱ्या बायका तुरुंगात गेल्या, त्यांनाही हे बाणांचे कपडे मिळाले. मग १९०९ मध्ये सिल्व्हिया पँकहर्स्ट यांनी सुटून आलेल्यांसाठी चांदीचा बिल्ला तयार केला. त्यावर पार्लमेंटचं जाळीदार फाटक, आणि मधोमध जांभळ्या-पांढऱ्या-हिरव्या रंगात तोच बाण. बायका तो छातीवर लावून मिरवत.

आपल्या सैन्याकडे तो इंग्रजांकडून आला आणि राहिला. बाणापुढचे दोन आकडे म्हणजे गाडी सैन्यात आली ते साल. भाच्याला बाकी कशात रस नव्हता, पण एवढं बरोब्बर लक्षात राहिलं. आता दिसेल त्या मिलिटरी गाडीचं वय मोजत बसतो.